सांगितलेले आणि घडलेले : ईमॅक्समधील शेलच्या डिरेक्टरी-मागोव्याची चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या आज्ञावलीची समीक्षा म्हटले की ती चालते की नाही आणि किती वेगाने चालते, एवढाच विचार सामान्यतः केला जातो. वास्तविक आज्ञावली यंत्रासाठी असते, तशीच ती माणसांनी माणसांसाठी लिहिलेली संहिताही असते. तिच्यात गृहीतके असतात, तडजोडी असतात आणि टिप्पण्यांच्या रूपाने लेखकाने स्वतःच्या कामावर केलेले भाष्यही असते. प्रस्तुत लेखात अशाच एका लहान संहितेचा विचार करावयाचा आहे. ईमॅक्स या एडिटरच्या आत शेल चालविला असता तो शेल या क्षणी कोणत्या डिरेक्टरीत आहे हे एडिटरला कसे कळावे, हा तिचा विषय होय.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु एका आज्ञावलीला दुसऱ्या आज्ञावलीच्या अंतःस्थितीविषयी खात्रीचे ज्ञान कसे व्हावे, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. या मागोव्यात सुधारणा करण्याचे जे प्रयत्न गेल्या तीन-साडेतीन दशकांत झाले, त्यांचा परामर्श घेऊन असे प्रतिपादन येथे केले आहे की, खरी सुधारणा अंदाज अधिक चतुर करण्यात नसून ज्ञानाचा स्रोत बदलण्यात आहे. आणि तो बदलल्यानंतरही, जेथे ज्ञान नाही तेथे ते नसल्याची कबुली एडिटरने दिली पाहिजे.

प्रश्नाचे मूळ

युनिक्स परंपरेतील प्रणालींमध्ये चालू डिरेक्टरी ही संगणकाची नसते आणि वापरकर्त्याचीही नसते. ती प्रत्येक प्रोसेसची स्वतःची असते. एका प्रोसेसने दुसरी निर्माण केली की नव्या प्रोसेसला जन्मतः पालकाचीच डिरेक्टरी मिळते. पण त्यानंतर दोघींचे मार्ग वेगळे होतात. अपत्याने डिरेक्टरी बदलली तरी पालकाला त्याची वार्ता लागत नाही.

या नियमाची पहिली ठेच युनिक्सच्या निर्मात्यांनाच लागली होती. डेनिस रिची यांनी १९७९ मध्ये सादर केलेल्या युनिक्सच्या उत्क्रांतीवरील निबंधात ती हकिकत सांगितली आहे. नवी प्रोसेस निर्माण करण्याची सोय प्रणालीत आल्यावर डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा एकाएकी निष्प्रभ झाली. बराच शोध घेतल्यावर उलगडा झाला तो असा : ती आज्ञा आता स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालत होती. ती स्वतःची डिरेक्टरी चोखपणे बदलत होती आणि लगेच संपून जात होती. तिला जन्म देणारा शेल मात्र होता तेथेच राहत होता. म्हणूनच 'सीडी' ही आज्ञा तेव्हापासून शेलच्या अंगातच वसलेली असते.

ईमॅक्समधील शेलची अडचण ही याच नियमाची दुसरी बाजू आहे. येथे पालक ईमॅक्स असतो आणि शेल हे त्याचे अपत्य. ग्नू ईमॅक्सचे पहिले प्रकाशन रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये केले. त्यात प्रत्येक बफरला आपली एक डिरेक्टरी असते आणि फाइल उघडणे, नावे पूर्ण करून देणे, संकलन करणे, फाइल पुसणे ही सर्व कामे तिच्या आधारे होतात. शेलच्या बफरलाही अशी डिरेक्टरी असते. शेल हलला आणि बफर हलला नाही, तर वापरकर्ता एका ठिकाणी आणि त्याचा एडिटर दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती निर्माण होते.

या विसंगतीचे परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होतील. समजा, एका विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पाची जुनी प्रत वेगळ्या डिरेक्टरीत ठेवली आहे आणि तेथे जाण्यासाठी 'जुना' असे आज्ञेचे टोपणनाव करून घेतले आहे. शेलमध्ये तो 'जुना' असे लिहितो आणि शेल जुन्या प्रतीकडे जातो. ईमॅक्सला या शब्दाचा बोध होत नाही. तो नव्या प्रतीपाशीच थांबतो. आता विद्यार्थी त्याच बफरमधून मुख्य फाइल उघडतो. त्याच नावाची फाइल दोन्हीकडे असल्यामुळे ती विनातक्रार उघडते. तो तिच्यात दुरुस्ती करतो, शेलमध्ये प्रकल्प पुन्हा बांधतो आणि दुरुस्तीचा काहीच परिणाम दिसत नाही म्हणून चक्रावून जातो. फाइल सापडलीच नसती तर चूक तत्काळ ध्यानात आली असती. येथे सर्व काही सुरळीत चालल्याचा आभास होतो आणि तोच घातक ठरतो.

ज्ञानसाधनांचा प्रश्न

या विषयाची मांडणी करताना न्यायदर्शनातील प्रमाणविचार उपयुक्त ठरतो. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. त्यांपैकी अनुमानाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांतील दोन येथे लक्षात घ्यावयाचे. ढग भरून आलेले पाहून पाऊस पडेल असे म्हणणे हे कारणावरून कार्याचे अनुमान. त्याला पूर्ववत् म्हणतात. नदीला आलेला पूर पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असावा असे म्हणणे हे कार्यावरून कारणाचे अनुमान. त्याला शेषवत् म्हणतात. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. विषय ज्याला यथार्थ ठाऊक आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो, तो आप्त.

डिरेक्टरीचा माग काढण्याच्या ज्या पद्धती ईमॅक्समध्ये प्रचारात आल्या, त्या उपमान वगळता या वर्गीकरणात नेमक्या बसतात. हे साम्य दाखविण्याचा हेतू प्राचीनांना संगणकशास्त्राचे श्रेय देण्याचा नाही. प्रत्येक प्रमाणाची चूक होण्याची तऱ्हा वेगळी असते आणि ती ओळखता आली तरच कोणती दुरुस्ती मूलगामी व कोणती वरवरची, हे ठरविता येते, एवढाच त्यामागील हेतू आहे.

आज्ञेवरून अनुमान

शेल-मोडची मूळ पद्धत पूर्ववत् अनुमानाची आहे. वापरकर्त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ शेलकडे जाण्यापूर्वी ईमॅक्स ती वाचतो. तिच्यात 'सीडी', 'पुशडी' किंवा 'पॉपडी' यांपैकी एखादी आज्ञा आढळली, तर तिचा परिणाम काय होईल याचा हिशेब करून तो बफरची डिरेक्टरी स्वतःच बदलतो. शेल-मोड सुरू होताच हाच मागोवा आपोआप लागू होतो.

या पद्धतीचे गुण प्रथम नोंदविले पाहिजेत. तिला शेलचे कोणतेही सहकार्य लागत नाही. वापरकर्त्याला कसलीही पूर्वतयारी करावी लागत नाही. साध्या वापरात ती बहुधा बरोबर ठरते. एका ओळीत अर्धविरामाने जोडलेल्या अनेक आज्ञा ती ओळखते, 'सीडी' पुढे नुसती आडवी रेघ दिली तर मागील डिरेक्टरीकडे जाते, आणि जी डिरेक्टरी अस्तित्वातच नाही तिच्याकडे न जाता तसा संदेश दाखविते.

परंतु तिचे मूलभूत गृहीतक असे की, जे सांगितले ते घडलेच. एखाद्या ओळीत 'अमुक तपासणी यशस्वी झाली तरच तेथे जा' असे असेल, तर तपासणीचा निकाल ईमॅक्सला ठाऊक नसतो. तो केवळ 'तेथे जा' हे शब्द वाचतो. डिरेक्टरीचे नाव शेलमधील चलाद्वारे दिले असेल आणि ते चल शेल सुरू झाल्यानंतर तयार केले असेल, तर त्याचे मूल्य ईमॅक्सच्या परिवेशात नसते. डिरेक्टरी बदलण्याचे काम टोपणनावात किंवा शेलमध्ये वाचून घेतलेल्या फाइलीत दडलेले असेल, तर ओळीत 'सीडी' हा शब्दच दिसत नाही.

याहून गंभीर प्रकार दूरच्या संगणकाचा. वापरकर्ता शेलमधून 'एसएसएच'ने दुसऱ्या संगणकावर गेला आणि तेथे त्याने 'ईटीसी' या डिरेक्टरीत जाण्याची आज्ञा दिली, तर ती आज्ञा ईमॅक्सही वाचतो आणि आपल्या संगणकावरील 'ईटीसी'मध्ये जाऊन बसतो. ही डिरेक्टरी युनिक्स पद्धतीच्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर असते. संगणकांची नावे व पत्ते नोंदविणारी 'होस्ट्स' फाइल त्या वेळी बफरमधून उघडली, तर ती उघडेल खरी. पण ती दूरच्या संगणकाची नसून आपल्याच संगणकाची असेल. ढग एका गावावर आणि पाऊस मात्र दुसऱ्याच गावाच्या वहीत नोंदविलेला, असा हा प्रकार आहे.

टिप्पणीतील कबुली

या पद्धतीचे दोष तिच्या कर्त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. किंबहुना त्यांची सर्वांत परखड समीक्षा मूळ संहितेतच आढळते. ईमॅक्समधील शेल ज्या फाइलीत लिहिला आहे, तिच्या शीर्षभागी ओलिन शिव्हर्स आणि सायमन मार्शल यांची नावे आहेत. शिव्हर्स यांनी १९८८ च्या सुमारास ईमॅक्समध्ये बाह्य आज्ञावल्यांशी संवाद साधणारी एक सामायिक यंत्रणा लिहिली आणि शेल-मोड तिच्यावर उभा केला. डिरेक्टरीच्या मागोव्याचा भाग जेथे सुरू होतो, तेथे एक दीर्घ टिप्पणी आहे.

या टिप्पणीत तीन गोष्टी आहेत. पहिली, दोषांची यादी. जटिल आज्ञेपुढे ही पद्धत हतबल होते. टोपणनावे तिला फसवितात. एफटीपीसारख्या आज्ञावलीतही 'सीडी' असते, पण तिचा शेलच्या डिरेक्टरीशी काही संबंध नसतो. आणि मागे ठेवलेले काम पुढे आणले तरी डिरेक्टरी बदलल्यासारखी होते. या सर्वांवर मात करावयाची तर ईमॅक्सच्या भाषेत अखंड शेलच लिहावा लागेल, असेही तेथे म्हटले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे समजूत. ही संपूर्ण पद्धत टाकाऊ आहे असे सांगून, फार मनस्ताप करून न घेता नित्याच्या प्रसंगी बऱ्यापैकी चालणाऱ्या उपायावर समाधान मानावे, आणि अर्धामुर्धा उपाय हा युनिक्सच्या वृत्तीला साजेसाच आहे, असा उपरोधिक सल्ला लेखक देतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टिप्पणीच्या अखेरीस लेखक खरा उपायही नोंदवितो : शेलनेच डिरेक्टरी बदलताना एका सांकेतिक खुणेत गुंफून नवा पत्ता बाहेर पाठवावा, ईमॅक्सने तो संदेश टिपून पडद्यावर येण्याआधी काढून टाकावा, आणि अंदाजाची सध्याची यंत्रणा मोडीत काढावी.

अशी टिप्पणी वाचताना दोन भावना एकाच वेळी मनात येतात. आपल्या कामाच्या मर्यादा इतक्या निःसंकोचपणे मांडणारा लेखक कोणत्याही विद्याशाखेत आदरास पात्र ठरतो. परंतु हा प्रामाणिकपणा केवळ संहिता उघडून वाचणाऱ्यालाच लाभतो. शेल-मोड वापरणारा सामान्य वापरकर्ता ती फाइल कधी उघडत नाही. त्याच्यासमोर बफर येतो तो पूर्ण आत्मविश्वासाने. कबुली टिप्पणीत आणि आत्मविश्वास पडद्यावर, ही विभागणी आपल्या मते या रचनेतील खरा दोष आहे. अंदाज करणे हे अपरिहार्य असू शकते. अंदाजाला ज्ञानाचा वेश देणे अपरिहार्य नसते.

त्या टिप्पणीत अशक्यप्राय म्हणून उल्लेखिलेली गोष्ट पुढे घडलीच, हेही नमूद केले पाहिजे. जॉन वीग्ली यांनी ईमॅक्सच्याच भाषेत लिहिलेला ईशेल २००१ च्या एकविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्समध्ये आला. तेथे 'सीडी' ही ईमॅक्सचीच क्रिया असल्याने माग काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र तो बॅश नव्हे. ज्याला आपल्या सवयीचा शेल आपल्या एडिटरमध्ये हवा आहे, त्याचा प्रश्न ईशेलने सुटत नाही.

खुणेवरून अनुमान

दुसरी पद्धत शेषवत् अनुमानाची. पीटर ब्रेटन यांनी १९९६ मध्ये लिहिलेली 'डर्ट्रॅक' ही यंत्रणा वापरकर्ता काय लिहितो याकडे न पाहता शेल काय छापतो याकडे पाहते. बहुतेकांच्या प्रॉम्प्टमध्ये चालू डिरेक्टरीचे नाव असतेच. ते कोणत्या आकृतिबंधात येते हे वापरकर्त्याने एकदा सांगितले की, प्रत्येक प्रॉम्प्टमधून ईमॅक्स तो पत्ता उचलतो.

या बदलाचे महत्त्व मोठे आहे. येथे कारण सोडून कार्याकडे लक्ष वळले. टोपणनाव असो, अटीची आज्ञा असो किंवा वाचून घेतलेली फाइल असो, शेल अखेरीस जेथे पोहोचला तेच प्रॉम्प्टमध्ये उमटते.

तथापि प्रॉम्प्ट हा माणसासाठी असतो, यंत्रासाठी नव्हे. कोणी त्यात डिरेक्टरीचा केवळ शेवटचा अंश दाखवितो, कोणी रंगांच्या खुणा घालतो, कोणी तो दोन ओळींत मांडतो. लांब पत्ता जागा अडवितो म्हणून तो आखूड करण्याकडे माणसाचा कल असतो. तर यंत्राला संपूर्ण पत्ताच हवा असतो. एकाच मजकुरावर दोन वाचकांच्या दोन अपेक्षा लादल्या की त्यांपैकी एकाची गैरसोय होणारच. शिवाय प्रॉम्प्टसारखी दिसणारी एखादी ओळ अन्य आज्ञेच्या आउटपुटमध्ये आली, तर तीही प्रॉम्प्ट समजली जाते. न्यायाच्या परिभाषेत हा हेत्वाभास होय : खूण दिसली, पण ज्याची खूण मानली ते तेथे नव्हते.

प्रत्यक्ष पाहणी

लिनक्स प्रणालीत 'प्रॉक' नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येक चालू प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात उपलब्ध असते. प्रोसेसच्या क्रमांकाखाली तिच्या चालू डिरेक्टरीकडे बोट दाखविणारा एक दुवाही असतो. शेलचा क्रमांक ईमॅक्सला ठाऊकच असतो, कारण शेलला जन्म त्यानेच दिलेला असतो. तेव्हा तो दुवा वाचला की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटले आणि या तत्त्वावर काही ओळींचे उपाय प्रचारात आले.

हे प्रत्यक्ष प्रमाण आहे. आज्ञा काय होती, प्रॉम्प्ट कसा आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. प्रणालीच्या गाभ्यात जी नोंद आहे तीच ते वाचते. म्हणून आपल्या क्षेत्रात ते सर्वांत विश्वसनीय आहे. पण ते क्षेत्र मर्यादित आहे. मॅकओएसवर अशी 'प्रॉक' डिरेक्टरी नाही, विंडोजवरही नाही. वापरकर्त्याने शेलच्या आत दुसरा शेल सुरू केला, तर दुवा बाहेरच्या शेलचाच राहतो. दूरच्या संगणकावर गेल्यावर तर या संगणकातील नोंद पाहून काहीच कळत नाही. प्रत्यक्ष पाहणीत पाहिलेले खोटे नसते. पण आपण ज्याला पाहावयास हवे त्यालाच पाहत आहोत का, हा प्रश्न शिल्लक उरतो.

शेलचे निवेदन

राहिला शब्द, म्हणजे ज्याला माहीत आहे त्याने स्वतः सांगणे. या मार्गाचे प्राथमिक रूप ईमॅक्समध्ये आहेच. मागोवा चुकल्याचे लक्षात आल्यावर वापरकर्त्याने 'डर्स' ही ईमॅक्सची आज्ञा दिली की ईमॅक्स शेललाच त्याची डिरेक्टरी विचारतो आणि आलेले उत्तर प्रमाण मानतो. पण हे विचारणे वापरकर्त्याच्या टंकनाप्रमाणेच शेलकडे जाते. त्या क्षणी शेल मोकळा नसेल आणि दुसरीच आज्ञावली वाचत बसली असेल, तर प्रश्न तिच्या हाती पडतो. शिवाय हा उपाय चूक उमगल्यानंतरचा आहे. आणि ती उमगत नाही हेच तर मूळ दुखणे आहे.

याच मार्गाचे दुसरे रूप पेर बोथनर यांनी लिहिलेल्या 'टर्म' या ईमॅक्समधील टर्मिनलमध्ये दिसते. तेथे शेलने ठराविक खुणेसह वापरकर्त्याचे नाव, यजमान संगणकाचे नाव आणि चालू डिरेक्टरी कळवावी, अशी योजना आहे. शेल-मोडच्या टिप्पणीत सुचविलेल्या उपायाशी तिचे साम्य उघड आहे. इतकेच नव्हे, तर 'कोठे' याबरोबर 'कोणत्या संगणकावर' हेही तिने विचारात घेतले.

पुढे टर्मिनलांच्या जगात याविषयी एक संकेत रूढ झाला. 'ऑपरेटिंग सिस्टिम कमांड' या वर्गातील सातव्या क्रमांकाच्या खुणेने शेल आपला यजमान संगणक आणि डिरेक्टरी फाइलीच्या पत्त्याच्या स्वरूपात घोषित करतो. मॅकओएसचे टर्मिनल आणि नोमचे टर्मिनल हा संकेत ओळखतात. नवी खिडकी जुन्या खिडकीच्याच डिरेक्टरीत उघडते ती याच्याच बळावर. बॅशमध्ये प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी आपोआप चालणारी आज्ञा नेमून देता येते आणि झेडशेलमध्ये डिरेक्टरी बदलताच चालणारे कार्य लिहिता येते. त्यामुळे ही घोषणा करविण्यास दोन-चार ओळी पुरतात. ईमॅक्सच्या शेल-मोडला हा संकेत समजण्याची सोय एप्रिल २०२२ मध्ये प्रकाशित झालेल्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीत आली. तीही वापरकर्त्याने स्वतः जोडून घ्यावयाची होती. जुन्या टिप्पणीत मांडलेली कल्पना शेल-मोडपर्यंत पोहोचण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला.

हा विलंब केवळ आळसाचा नव्हे. घोषणेसाठी दोन्ही पक्षांचा करार लागतो. अंदाजासाठी एकच पक्ष पुरतो. करार सर्वमान्य होईपर्यंत एकट्याने करता येण्याजोगा उपाय टिकून राहतो, मग तो कितीही उणा असो. सामायिक संकेत आधी टर्मिनलांमध्ये रुजला आणि एडिटरने तो मागाहून स्वीकारला, हा क्रम म्हणूनच स्वाभाविक आहे.

निवेदनाच्या मर्यादा

शब्दप्रमाणाची विश्वसनीयता वक्त्यावर अवलंबून असते. म्हणून येथेही बोलणारा कोण, हे तपासावे लागते. ही घोषणा सामान्य आउटपुटच्याच प्रवाहातून येते. एखादी परकी फाइल पडद्यावर दाखविली आणि तिच्या मजकुरात तीच खूण पेरलेली असली, तर ईमॅक्सच्या दृष्टीने ती शेलचीच वाणी ठरते. बॅशप्रमाणे प्रत्येक प्रॉम्प्टला घोषणा होत असेल, तर पुढच्या प्रॉम्प्टला खरी घोषणा येऊन चूक दुरुस्त होते. पण केवळ डिरेक्टरी बदलल्यावरच घोषणा होत असेल, तर ती चूक तशीच राहू शकते. तेव्हा दोन पर्यायांपैकी पहिला अधिक सुरक्षित मानावा.

दुसरी मर्यादा लिपीची असून ती मराठी वापरकर्त्यांशी थेट निगडित आहे. पत्त्याच्या स्वरूपात रिकामी जागा, टक्क्याचे चिन्ह आणि रोमनेतर अक्षरे सांकेतिक रूपात लिहावी लागतात. 'धडे' या नावाची डिरेक्टरी घेतली तर ते नाव युनिकोडमधील तीन चिन्हांचे आहे. यूटीएफ-८ मध्ये त्याचे नऊ बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह दोन अंकाक्षरांनी लिहिला की घोषणेत सत्तावीस चिन्हे येतात. सोय म्हणून जोडलेल्या दोन-चार ओळी नाव जसेच्या तसे पाठवीत असतील, तर रोमन नावांबाबत त्या निर्दोष भासतात आणि टक्क्याचे चिन्ह असलेल्या किंवा देवनागरी नावाशी अडखळू शकतात. घोषणा करणाऱ्याने सांकेतिक लेखनाचा नियम पाळला आहे की नाही, याची चाचणी आपल्या लिपीतील नावाने करणे म्हणूनच इष्ट.

तिसरी मर्यादा यजमानाची. घोषणेत दिलेले यजमानाचे नाव आपल्या संगणकाच्या नावाशी जुळत नसेल, तर ईमॅक्स ती स्वीकारीत नाही. हा निर्णय योग्यच आहे. परंतु त्याच वेळी आज्ञा वाचून अंदाज करणारी जुनी यंत्रणा चालू ठेवली असेल, तर घोषणेने नाकारलेली जागा अंदाज भरून काढतो आणि पूर्वी सांगितलेला 'ईटीसी'चा घोटाळा जसाच्या तसा परततो. दोन प्रमाणे एकत्र ठेवली म्हणजे ज्ञान दुप्पट होते असे नव्हे. कोणते प्रमाण कोणाला बाधित करते हे ठरविले नाही, तर दुर्बळ प्रमाण बलवत्तराच्या मौनाचा गैरफायदा घेते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. आज्ञेवरून केलेले अनुमान ही सोय आहे, ज्ञान नव्हे. तिच्यात आणखी आज्ञांची ओळख भरत गेल्याने तिचा मूळ दोष जात नाही. प्रॉम्प्टवरील अनुमानाने लक्ष कार्याकडे वळविले, पण माणसाची खूण यंत्राच्या कामी लावली. प्रत्यक्ष पाहणी निर्दोष आहे, पण तिची दृष्टी एका संगणकापुरती आणि एका प्रोसेसपुरती. शेलचे स्वतःचे निवेदन हाच सर्वांत व्यापक आधार होय.

म्हणून सुधारणेची दिशा पुढीलप्रमाणे असावी असे वाटते. घोषणा मिळत असेल तेव्हा तीच प्रमाण मानावी आणि अंदाजाची यंत्रणा बंद ठेवावी. घोषणा मिळत नसेल तर अंदाज जरूर करावा, परंतु तो अंदाज असल्याचे बफरच्या स्थितिदर्शक ओळीत दाखवावे. ओळीत अट, चल किंवा अन्य आज्ञेचा निकाल गुंतला असेल, किंवा दुसऱ्या संगणकावर नेणारी आज्ञा दिली गेली असेल, तर त्या क्षणापासून डिरेक्टरी संदिग्ध मानावी. आणि अशा स्थितीत फाइल पुसणे वा बदल साठविणे यांसारखी परत न फिरविता येणारी क्रिया करण्यापूर्वी वापरकर्त्याला पूर्ण पत्ता दाखवून संमती घ्यावी. यांतील कोणतीही सूचना तंत्रदृष्ट्या अवघड नाही.

जुन्या टिप्पणीने दिलेला सल्ला, नित्याच्या प्रसंगी बऱ्यापैकी चालणाऱ्या उपायावर समाधान मानण्याचा, त्या काळी व्यवहार्य होता. पण त्या सल्ल्याची किंमत त्याच्या कर्त्याला ठाऊक होती, तशी ती वापरणाऱ्यालाही ठाऊक असावयास हवी. वर्गात आपण विद्यार्थ्याला शिकवितो की उत्तर येत नसेल तर तसे लिहावे, ठोकून देऊ नये. विद्यार्थी ज्या साधनांवर शिकतो, त्यांच्याकडूनही हीच अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी.